किरकोळ कारण

पेपरात रोज एक ओळ असते. 'किरकोळ कारणावरून खून.' कधी बिडीवरून, कधी बांधावरून, कधी 'माझ्याकडं काहून बघितलं' एवढ्यावरून. तुम्ही वाचता, मीही वाचतो, आणि पान उलटतो. माणूस मेला ही बातमी असते, कारण मात्र किरकोळ. ते किरकोळ कुणी ठरवलं? मेल्यानं तर नाही ठरवलं. मारणाऱ्यानंही नाही. त्याला ते किरकोळ वाटलं असतं तर त्यानं कुऱ्हाड उचलली नसती.

ही ओळ आमच्या घरात १९९१ साली आली.

सेनगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. तेव्हा जिल्हा परभणी. हिंगोली वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. आमच्या बुद्धवाड्यात एकच हापसा. हापशाच्या एका अंगाला दादाचं घर, दुसऱ्या अंगाला तात्याचं. दोघं सख्खे चुलते. म्हंजे त्यांचे बाप सख्खे भाऊ, आणि माझा बाप तिसरा. दादा सातवी शिकला, शाळेत शिपाई लागला, वाड्यातलं पहिलं विटांचं घर त्यानं बांधलं. तात्यानं पाटलाच्या वस्तीवर साल धरलं. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं. मधल्या वर्षात माणूस मालकाचा.

त्या वर्षी १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. आमच्या गावात एवढी मोठी जयंती पहिल्यांदाच निघाली. गाडीला बैल पाहिजे होते. तात्यानं मालकाला मागितले, मालकानं दिले नाहीत. शेवटी शेजारच्या गावातून आणले. फोटोच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला तात्या. दोघांचे आवाज बसले होते घोषणा देऊन. हे सांगतो ते एवढ्यासाठी की पुढं महिनाभरानं एकानं दुसऱ्याला मारलं, तेव्हा लोक म्हणले, त्यांच्यात पहिल्यापासूनच वाकडं होतं. नव्हतं.

मे महिन्यात एका संध्याकाळी हापशाचं सांडपाणी तात्याच्या दारात गेलं. तात्यानं दादाच्या बायकोला हटकलं. दादा बाहेर आला. बायामाणसं, पोरंसोरं बघत होती. शब्दाला शब्द लागला. दादा म्हणला, 'सालगड्यानं मला शिकवू नई.' तात्या घरात गेला, कुऱ्हाड घेऊन आला. एकच घाव. जीप मिळेपर्यंत रात्र झाली आणि सेनगाव येईपर्यंत दादा गेला. तात्या पळाला नाही. कुऱ्हाड दारात ठेवून हापशाच्या ओट्यावर बसून राहिला. पोलीस आले तेव्हा तिथंच होता.

दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या. पाण्याच्या किरकोळ कारणावरून चुलत भावाचा खून.

मी त्या संध्याकाळी सेनगावात होतो. एका ओळखीच्या खोलीवर स्टेन्सिल कापत बसलो होतो. दुसऱ्या गावात आपल्या माणसाला सवर्णांनी मारलं होतं, त्याचा अहवाल सायक्लोस्टाइल करायचा होता. कुणी मारलं, किती वाजता, आधी काय घडलं, कोण साक्षीला उभं राहायला तयार आहे, असे प्रश्न आम्ही चाळीस घरं फिरून विचारले होते. आणि माझ्या दारातल्या खुनाचा अहवाल मी लिहिला नाही. एक प्रश्नसुद्धा कुणाला विचारला नाही. मनात एवढंच होतं : हे बाहेर गेलं तर ते म्हणतील, बघा, यांचं यांच्यातच चाललंय. म्हणून दादाला आम्ही गुपचूप जाळला आणि मी पुन्हा मोर्चाला गेलो.

मोठी माय, दादाची आई, मला एकदाच बोलली. 'बाबा, तू गावोगाव मेलेल्याचं लिव्हतूस. माझ्या लेकराचं काहून नाई लिव्हलं?'

तिचं उत्तर देणं राहून गेलं. हा लेख म्हंजे तेच राहिलेलं उत्तर आहे. उशिरा का होईना.

मित्रांनो, आता आकडे बघू. सरकारचा गुन्हे नोंद विभाग दरवर्षी खुनांची कारणं रकान्यात भरतो. २०२२ साली देशात खुनाच्या २८,५२२ केसेस नोंदल्या गेल्या. सगळ्यात मोठा रकाना 'वाद' : ९,९६२. त्याच्या खाली 'वैयक्तिक वैर' : ३,७६१. पैशाच्या फायद्यासाठी केलेले खून १,८८४. म्हंजे आपण सिनेमात बघतो तसे चोर, दरोडेखोर, सुपारीवाले बाजूलाच राहिले. माणूस मरतो तो बहुतेक करून ओळखीच्या माणसाच्या हातानं, बोलाचालीतून. 'जातीयवाद' असाही एक रकाना त्यात आहे. वादाच्या रकान्यापुढं तो इतका बारका दिसतो की परक्या माणसाला वाटावं, या देशात जातीवरून कुणी मरतच नाही.

हे आपल्याकडंच आहे असंही नाही. अमेरिकेत मार्विन वुल्फगँग नावाच्या समाजशास्त्रज्ञानं फिलाडेल्फिया शहरातल्या १९४८ ते १९५२ या पाच वर्षांतल्या ५८८ खुनांचे पोलिसी कागद वाचले. १९५८ ला पुस्तक काढलं. त्यातही कारणांचा सगळ्यात मोठा गट हाच : किरकोळ भांडण. शिवी दिली, धक्का लागला. पोलीस तिथलेही तोच शब्द लिहीत होते.

मग पुढं काही लोकांनी उलटा प्रश्न विचारला. भांडण किरकोळ असेल, पण भांडणात पणाला काय लागलं होतं? रॉजर गूल्ड नावाचा समाजशास्त्रज्ञ होता, तरुणपणीच वारला. त्याचं पुस्तक तो गेल्यावर २००३ ला आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : दोन माणसांत कोण वर, कोण खाली हे जिथं पक्कं ठरलेलं असतं, तिथं मारामारी कमी. जिथं ते ठरलेलं नसतं, किंवा ठरलेलं हलायला लागतं, तिथं बारकी गोष्टसुद्धा जिवावर जाते. कारण त्या बारक्या गोष्टीत 'तू मोठा का मी मोठा' याचा निकाल लागणार असतो.

हे वाचलं आणि मला हापसा दिसला.

दादा-तात्या एका आज्याचे नातू. एका पंगतीला बसणारे. कोण मोठा हे ठरलेलं नव्हतं. मग एकाचं विटाचं घर झालं, दुसऱ्याच्या नावापुढं साल लागलं. आणि चारचौघांत, बायकापोरांसमोर, एकानं तो निकाल बोलून दाखवला : सालगड्या. पाणी कसलं अन् बिणी कसलं! पाण्यावरून खून झालाच नव्हता.

पण निकालाची सुरुवात हापशावरही झाली नव्हती. हे मला फार उशिरा कळलं. तात्याच्या पोरानं सांगितलं, मोठा झाल्यावर. तो तेव्हा अकरा वर्षांचा. त्या दिवशी दुपारी बापाची भाकर घेऊन वस्तीवर गेला होता. जयंतीचे दोन दिवस तात्या कामावर नव्हता. मालक महिनाभर ते मनात धरून होता. पोरासमोर त्यानं तात्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणला, 'जयंती करतूस व्हय रे?' तात्यानं मान खाली घातली, बैल सोडले, घरी आला.

मालकाच्या अंगावर त्यानं हात उचलला नाही. तिथं वर कोण, खाली कोण हे हजार वर्षांपासून ठरलेलं होतं. वरून आलेली थप्पड त्यानं दुपारभर पोटात ठेवली आणि संध्याकाळी बरोबरीच्या माणसावर काढली. बाबासाहेबांनी जातीला उतरंड म्हणून सांगितलं ते आपण पाठ केलं. वरच्याला मान, खालच्याला तुच्छता, आणि प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी पाहिजे. पण ही उतरंड वाड्याच्या वेशीपाशी थांबत नाही, ती वाड्यातसुद्धा उतरते, आणि मग घरातसुद्धा, हे आपण पाठ केलं नाही.

कोर्टात ती थप्पड आली नाही. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. कागदावर फक्त पाणी राहिलं. तात्याला जन्मठेप झाली. त्यानं केलं ते केलं, शिक्षा झाली ती योग्यच झाली. माझ्या भावाचा जीव गेला, थपडेनं तो भरून निघत नाही. पण कायद्यात 'गंभीर आणि अचानक प्रक्षोभ' असा एक शब्द आहे. म्हंजे राग इतका आला की माणसाचा ताबा सुटला. १९५९ ला मुंबईत नौदलाच्या नानावटी नावाच्या अधिकाऱ्यानं बायकोच्या मित्राला गोळ्या घातल्या. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्याला निर्दोष ठरवलं. हायकोर्टानं आणि सुप्रीम कोर्टानं दोषी ठरवलं तरी १९६४ ला राज्यपालांनी माफी दिली. अख्खी मुंबई त्याच्या बाजूनं होती. इस्त्रीच्या गणवेशातल्या माणसाचा राग लोकांना कळतो, त्याचं कारण कुणाला किरकोळ वाटत नाही. सालगड्याचा राग म्हंजे दारूडेपणा, अडाणीपणा. तात्या त्या दिवशी प्यालेला नव्हता.

आता आपल्या नेहमीच्या विषयाकडं या. अत्याचाराच्या केसेस याच डोळ्यानं वाचून बघा.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. मी दहा वर्षांचा होतो. आमच्या गावात घरं जळाली नाहीत, पण आठ रात्री आम्ही ज्वारीच्या शेतात झोपलो. माय आमच्या तोंडावर हात ठेवून जागी राहायची. त्याच दिवसांत, ४ ऑगस्टला, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेला जाळून मारलं. मातंग समाजातला माणूस, 'जय भीम' म्हणायचा. दोन शब्द. किरकोळच की! २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलची रिंगटोन वाजली, ती बाबासाहेबांच्या गाण्याची होती. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव मारला गेला. त्या गावात त्याच वर्षी बाबासाहेबांची जयंती झाली होती.

रिंगटोन, जयंती, दोन शब्दांचा नमस्कार. मागं जायचं तर २० मार्च १९२७, महाड. तळ्यातलं ओंजळभर पाणी. देवळात शिरणार अशी आवई उठली आणि गावानं काठ्या उचलल्या, जेवत्या माणसांना मारलं. ही कारणं किरकोळ दिसतात, कारण ती वस्तू किरकोळ असते. पण प्रत्येक वेळी त्या वस्तूतून एक माणूस सांगत असतो : मी तुझ्या बरोबरीचा आहे. ठरलेलं हलायला लागतं. तिथंच काठी उठते. मान खाली घालून राहणाऱ्याला गाव रोज थोडं थोडं मारतं, एकदम मारत नाही. एकदम मारतं ते मान वर केलेल्याला.

आणि मग कोर्टात प्रश्न येतो : जातीवरून मारलं का वादातून? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना मारलं. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी ठरवलं, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नाही. २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीची जन्मठेप करताना म्हणलं, हे सुडातून झालं, जातीतून नाही. जणू सूड आणि जात या दोन वेगळ्या गावच्या गोष्टी. शेतातून रस्ता द्यायला नकार देणारी, पोलिसांत साक्ष देणारी बाई जर वरच्या जातीची असती, तर तो सूड तसाच उगवला असता काय?

१९८९ च्या कायद्यात अट होती की तो माणूस अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा झाला पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीनं ती 'हे माहीत असताना' अशी सैल केली, आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. हा बदल छोटा समजू नका, गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते? पण १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत, पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाच्या कलमात, जात वगैरे 'कारणावरून' हा शब्द पुन्हा आहे. म्हंजे आपल्याला पुन्हा तेच सिद्ध करत बसायचं आहे. म्हणून म्हणतो, जबाब लिहून घेताना 'किरकोळ' आणि 'जुना वाद' हे शब्द कागदावर येऊ देऊ नका. वाद कशाचा, तो कधी सुरू झाला, त्याच्या आधी कुणी कुणाला काय म्हणलं, चारचौघांत म्हणलं काय, तो बोललेला शब्द जसाच्या तसा लिहा.

इथं कुणी विचारील, मग तात्याचा खून आणि पोचीरामचा खून एकच काय? एकच नाही. डोनाल्ड ब्लॅक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९८३ ला लिहिलं की बरेच खून करणारे स्वतःला गुन्हेगार समजत नाहीत, न्याय करणारे समजतात. समोरच्याला शिक्षा दिली असं त्यांना वाटतं. तात्यालाही त्या घटकेला तसंच वाटलं असेल. पण तात्याच्या न्यायाला वाड्यातलं एक माणूस हो म्हणलं नाही. त्याची बायकोसुद्धा नाही. साक्षीदार फुटले नाहीत. सगळं साक्षीपुराव्यानिशी शाबीत झालं. आणि २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या पोराला मारलं, तेव्हा काय झालं? साक्षीदार एकामागं एक उलटले आणि नोव्हेंबर २०१७ ला आरोपी सुटले. तात्या एकटा खुनी होता. अत्याचारातल्या खुन्याच्या पाठीशी गावाचा हुकूम असतो. हा फरक कुणी पुसायला आला तर त्याला पुसू देऊ नका.

पण फरक सांगून आपली सुटका होत नाही. आता माझ्याबद्दल सांगतो. हे लिहायला मला तीस वर्षं लागली.

१९९५ चा उन्हाळा. एका गावच्या केसमध्ये आम्ही दहा जण एका साहेबाकडं निवेदन घेऊन गेलो. साहेबानं आम्हाला चार तास व्हरांड्यात उभं ठेवलं. आत चहा जात होता, माणसं जात होती. चार वाजता शिपायानं येऊन सांगितलं, साहेब गेले. घरी आलो. बायको भाकरी थापत होती. तिनं विचारलं, 'झालं का काम?' एवढंच. मी तिच्या कानाखाली वाजवली. माझी पोरगी उंबऱ्यात बसून बाराखडी गिरवत होती. तिच्या हातातली पेन्सिल थांबली.

बायको रडली नाही. परातीतलं पीठ एकत्र करत म्हणली, 'सायबाला मारायचं व्हतं नव्हं?'

इतकं नेमकं समाजशास्त्र मी पुढं कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. तात्याच्या हातात कुऱ्हाड होती, माझ्या हातात नव्हती. फरक तेवढाच. त्या दिवशी वस्तीवरचा मालक माझ्याही घरात येऊन बसला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२२ चा आकडा आहे : जगात त्या एका वर्षात ४८,८०० बायका-मुली नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कुणाच्या हातानं मेल्या. रोज १३३. जगात जितक्या बायका मारल्या जातात त्यातल्या निम्म्याहून जास्त घरच्यांनी मारलेल्या असतात. त्यातल्या प्रत्येकीच्या आधी अशा किती थपडा असतील ज्यांचा अहवाल कुणी लिहिला नाही? आपण पंचशील घेतो. पहिलंच शील हिंसेचं आहे. विहारात हात जोडून घेतो आणि त्याच हातानं घरी येऊन काय करतो, ते आपापलं आठवा.

मी काय करावं म्हणतो? मोठं काही नाही. जिथं जिथं आपलं युनिट आहे तिथं एक वही करा. वस्तीत झालेली प्रत्येक मारामारी, प्रत्येक थप्पड, प्रत्येक खून तिच्यात लिहा. सवर्णानं केलेला लिहा, आपल्यानं केलेला लिहा, घरातला लिहा. बाईचं बाईनं लिहून घ्यावं. कारणाच्या रकान्यात 'किरकोळ' लिहायचं नाही. त्याच्या आधीच्या दिवशी काय झालं ते विचारायचं. ते म्हणतील, यांचं यांच्यातच चाललंय. म्हणू द्या. आपण लपवलं म्हणून ते म्हणायचे थांबले नाहीत, आणि आपलं माणूस मात्र बिननोंदीचं गेलं.

तात्या २००६ च्या पावसाळ्यात सुटून आला. केस पांढरे, बोलणं जवळजवळ बंद. थोड्याच दिवसांत खैरलांजीची बातमी आली आणि आम्ही सेनगावात मोर्चा काढला. वाड्यातून सगळे निघाले. तात्याही निघाला, पार शेवटी, एकटा. कुणी त्याला ये म्हणलं नाही, जा म्हणलं नाही. मोठी माय दारात उभी होती. मला हाक मारून म्हणली, 'त्याला म्हणावं झेंडा धर. पर माझ्या दारावरून जाऊ नको.'

मी निरोप दिला. तात्यानं झेंडा घेतला आणि हापशाच्या मागच्या बोळातून, लांबच्या वाटेनं, मोर्चात आला. मोठी माय २०११ ला गेली. तोवर तिनं त्याला ना माफ केलं, ना त्याच्या हातातला झेंडा काढून घ्यायला लावला. दोन्ही एकदम कसं धरायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मोठे माय, तू विचारलं होतंस तुझ्या लेकराचं काहून नाई लिव्हलं. हे लिव्हलं. कारणाच्या रकान्यात पाणी लिव्हलं नाही.